विषय: कुडव संग्रहालयाला द्यावा का?

मंडळी, नमस्कार.
चवथीला फोंड्याला आलेय. माळा उपसताना आजेसासऱ्यांचा भात मोजायचा कुडव सापडला. काठाला लोखंडी पट्टी, तळाला वाळवीची एक वाट. मुलगा म्हणतो, संग्रहालयाला देऊन टाक. पण गेल्या आठवड्यात एका संग्रहालयात अस्साच कुडव पाहिला, खाली पाटी ‘लाकडी भांडे’. नातवाने विचारलं, “आजी, यात काय शिजवायचे?”
जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हॉइसरॉय ओळीने टांगलेत, तेही नावानिशी. आमचा कुडव मात्र बिनबापाचा! काय करू?
– माई

माई, द्या, पण नुसता देऊ नका. बाणावलीचं ‘गोवा चित्र’ पाहिलंत ना? व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी 4,000 हून जास्त जुन्या वस्तू जमवल्या आहेत. तिथे नांगर, घाणा दाखवताना तो कसा चालायचा हेही सांगतात. वस्तू माळ्यावरही टिकते हो, सांगणारा टिकत नाही.
आमच्या कुर्डीचंच घ्या. गाव साळावली धरणात गेलं. मे महिन्यात पाणी उतरलं की लोक सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. महादेवाचं देऊळ तेवढं दगड न् दगड सोडवून दुसरीकडे उभं केलं, घरांना कोण हलवणार? बाबा चिखलातल्या जोत्यांवरून चालत सांगायचे, ही ओसरी, हे न्हाणीघर, इथे शेजाऱ्यांचा फणस. गेल्या खेपेला मी एकटाच गेलो. आमचं जोतं ओळखायला अर्धा तास लागला, आणि तरी खात्री नाही.
सासूबाईंना बोलतं करा. आजच.
– भाई, लंडन

भाई, केलं. ‘वीस कुडवांची खंडी’ एवढंच मला ठाऊक होतं. सासूबाई म्हणाल्या, पहिला कुडव ओतताना ‘एक’ कधी म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं. लाभ, दोन, तीन... आणि कुळाचा भात मोजताना शीग, म्हणजे मापाच्या काठावरची रास, कोण लावतो यावरून एकदा खळ्यातच भांडण जुंपलं होतं. ते सांगताना त्यांनी दोन्ही तळव्यांनी हवेत शीग लावून दाखवली. फोन नेमका टेबलावर ठेवलेला, म्हणून ती दिसत नाही. उद्या परत करायला लावते.
आवाज सोबत जोडलाय. अकरा मिनिटांचा आहे. मध्येच सुनेने मिक्सर लावलाय, तेवढा सोसा.
– माई