चवड्यावर चालणारे ऑटिस्टिक प्रौढ: टाच टेकवायची सवय लावावी का?

पाऊलवाट (प्रश्न)

ऑटिझम आणि चवड्यावर चालणं याबद्दल जे वाचायला मिळतं ते जवळजवळ सगळं लहान मुलांचं असतं. दोन-तीन वर्षांपर्यंत वाट बघा, मग तपासून घ्या, प्लास्टर, स्प्लिंट (पाऊल धरून ठेवणारा, बांधायचा आधार) वगैरे. पण हीच मुलं मोठी होतात आणि त्यांतले काहीजण तिशी-चाळिशीतही टाचा उचलूनच चालतात. त्यांनी काय करायचं?

नेमकं विचारायचंय ते असं. इतक्या वर्षांनी पोटरी ताणायच्या व्यायामाने फरक पडतो का? मुद्दाम टाच टेकवून चाललं की गुडघ्याच्या मागे ओढ बसते आणि पावलाची कमान दुखते, ते कशामुळे? हात कोपरात दुमडून छातीजवळ राहतात, झुलत नाहीत, त्याचा याच्याशी संबंध आहे का? आणि काहीच दुखत नसेल तर यात हात घालावा का?

नडगी

आधी एक गोष्ट वेगळी काढा. टाच टेकवली जात नाही, की टेकूच शकत नाही? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पण पुढचे सगळे निर्णय यावर ठरतात.

घरी बघायची पद्धत सोपी आहे. अनवाणी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, एक पाऊल सरळ भिंतीकडे. टाच जमिनीला चिकटलेली ठेवून गुडघा भिंतीला टेकवायचा. टेकला तर पाऊल थोडं मागे घ्यायचं, परत टेकवायचा. टाच न उचलता जिथपर्यंत जमलं तिथे अंगठ्याचं टोक आणि भिंत यांतलं अंतर मोजायचं. साधारण १० सेंटिमीटर किंवा जास्त आलं तर घोटा मोकळा आहे. ५-६ च्या आत आलं तर आखडलेला आहे. दोन्ही पाय मोजा. दोहोंत मोठा फरक असेल तर तो लिहून ठेवा, डॉक्टरांना उपयोगी पडतो.

यात एक चूक हमखास होते. कमान आत कोसळते, गुडघा अंगठ्याच्याही आतल्या बाजूला जातो आणि अंतर खोटंच जास्त येतं. गुडघा दुसऱ्या बोटाच्या रेषेतच पुढे गेला पाहिजे.

पण ही चाचणी गुडघा वाकवून होते, आणि इथेच बरेच जण फसतात. पोटरीत दोन मुख्य स्नायू आहेत. वरचा, जाड, गुडघ्याच्या वरून सुरू होतो. खालचा गुडघ्याच्या खालून. गुडघा वाकला की वरचा सैल पडतो. म्हणून दुसरी तपासणी गुडघा सरळ ठेवून करायची: पाय लांब करून बसा, आणि दुसऱ्या कोणीतरी पाऊल नडगीकडे ढकलावं. चालताना गुडघा जवळजवळ सरळ असतानाच घोट्याला काटकोनाच्या पुढे साधारण १० अंश वाकावं लागतं. वाकवलेल्या गुडघ्याने सगळं ठीक आणि सरळ गुडघ्याने काटकोनालाच अडतंय, तर आखडलाय तो वरचा स्नायू. दोन्हीकडे अडलं तर खालचा स्नायू, टाचेची शीर (पोटरीला टाचेशी जोडणारा जाड दोर, अकिलीस टेंडन) किंवा खुद्द सांधा.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. टाच जमिनीवर ठेवून पुढे जायचं तर नडगी पावलाच्या वरून पुढे झुकावी लागते. घोटा तेवढा वाकत नसेल तर शरीर ती जागा दुसरीकडून काढतं. गुडघा मागे ढकलला जातो, म्हणून मागे ओढ. पाऊल मधूनच मोडल्यासारखं वाकतं, म्हणून कमान दुखते. किंवा पाऊल बाहेर वळतं. आखडलेल्या पोटरीवर ‘टाच टेकव, टाच टेकव’ असा धोशा लावला तर चाल सुधारत नाही, ताण फक्त पोटरीकडून गुडघ्याकडे सरकतो.

स्पर्शरेषा

वरच्याशी पूर्ण सहमत. त्यात भर घालते ती दुसऱ्या बाजूची, म्हणजे टाच टेकू शकते पण टेकवली जात नाही त्यांची.

ऑटिझममध्ये वेगळी चाल ही जुनीच नोंद आहे. १९८१ मध्येच ऑटिस्टिक मुलांच्या चालीचं मोजमाप करून ती पार्किन्सनच्या रुग्णांच्या चालीशी ताडून पाहिली गेली होती. २०१३ च्या डीएसएम-५ मध्येही (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) वेगळी चाल आणि चवड्यावर चालणं यांचा उल्लेख सोबतची लक्षणं म्हणून आहे, निदानाची अट म्हणून नाही. कारण मात्र एकच असं ठरलेलं नाही. तळव्याला स्पर्श जास्त जाणवणं, सांधे-स्नायूंतून येणारी जाणीव कमी पडल्याने ती जास्त दाब देऊन मिळवणं, आतल्या कानाच्या तोलाच्या यंत्रणेचं वेगळेपण, हालचालींची आखणी, असे धागे आहेत, आणि एकाच माणसात दोन-तीन एकत्र असू शकतात.

म्हणून आठवडाभर नोंद ठेवा. गार फरशीवर, गालिच्यावर, गवतावर, जाड तळाच्या बुटात चाल बदलते का? गार किंवा खरखरीत जमिनीवरच टाच उचलली जात असेल तर तो स्पर्शाचा भाग आहे. घरात मऊ तळाची चप्पल किंवा जाड, शिवण बाहेरून असलेले मोजे एवढ्यानेच बराच फरक पडतो. गोंगाटात, घाईत किंवा आनंदात वाढत असेल तर शरीर स्वतःला सावरतंय. तिथे चाल बदलण्यापेक्षा गोंगाट कमी करा. दाबाची गरज दिसत असेल तर उड्या, जिने चढणं, वजन उचलणं, भिंत ढकलणं यांतून ती दुसऱ्या वाटेने भागवता येते.

हातांबद्दल: हो, दुमडलेले हात, कमी झुलणं, पावलांचं अंतर दर वेळी कमीजास्त होणं, पाय फाकवून किंवा उसळत चालणं, खाली बघत चालणं हे सगळं चवड्यावर चालण्याबरोबर किंवा त्याशिवायही दिसतं. हातांनी कोणतंही नुकसान होत नाही. ते सरळ करायला लावू नका. लक्ष देऊन ‘नीट’ चालायचं म्हटलं की त्यातच सगळं लक्ष जातं. रस्ता ओलांडणं आणि सोबतच्याशी बोलणं दोन्ही अवघड होतं. लोकांना खटकतं एवढ्यासाठी एखाद्याने दिवसभर ही किंमत मोजावी, हे मला मान्य नाही.

तेव्हा दुखत नाही, टाच जमिनीला आरामात टेकते, पडझड नाही: राहू द्या. वर्षातून एक-दोनदा भिंतीची चाचणी करा, आकडा लिहून ठेवा. बस.

पाऊलवाट

सरळ गुडघ्याने अडतंय आणि चवड्याखाली घट्टे आहेत, रात्री पोटरीत गोळे येतात, अशा वेळी व्यायाम नेमका कसा? आणि बूट कसे घ्यायचे?

नडगी

दोन ताण, दोन्ही भिंतीला हात टेकून. पहिला: दुखरा पाय मागे, गुडघा पूर्ण सरळ, टाच खाली, अंग पुढे. दुसरा: तोच पाय थोडा पुढे घेऊन गुडघा वाकवायचा, टाच खालीच. प्रत्येक ताण ३० सेकंद, तीन-चार वेळा, दिवसातून दोनदा. हिसके द्यायचे नाहीत. ओढ पोटरीत जाणवली पाहिजे. कमानीत किंवा घोट्याच्या पुढे जाणवली तर काहीतरी चुकतंय. मागचं पाऊल बाहेर वळू देऊ नका आणि कमानीखाली छोट्या टॉवेलची गुंडाळी ठेवा, नाहीतर ताण पोटरीला न बसता पावलाच्या मध्यालाच बसतो. माझ्या मते वर्षानुवर्षं व्यायाम करूनही काही न झालेल्यांचं बऱ्याचदा इथेच चुकलेलं असतं.

नुसतं ताणून पुरत नाही. पुढचा स्नायू, नडगीच्या बाहेरच्या अंगाचा, वर्षानुवर्षं कमी वापरलेला असतो. भिंतीला पाठ टेकून, टाचा भिंतीपासून वीतभर पुढे ठेवून, दोन्ही चवडे वर उचला आणि सावकाश खाली आणा. १५ वेळा, तीन फेऱ्या. पहिल्या आठवड्यात नडगी भरून येते, ते ठीक आहे.

अपेक्षा मात्र खरी ठेवा. प्रौढांमध्ये ताणाच्या व्यायामाने काही अंशांचाच फरक पडतो, तोही सहा-आठ आठवडे नेमाने केल्यावर. पण आधी काटकोनालाच अडणाऱ्याला चार अंश मिळाले तर जिना उतरताना ते कळतं. व्यायाम सोडला की फरक हळूहळू जातो, म्हणून दात घासण्यासारख्या ठरलेल्या कामाला जोडून टाका. ठरलेला क्रम अनेक ऑटिस्टिक व्यक्तींना सोयीचा असतो, इथे त्याचा चांगला उपयोग होतो.

एक सावधगिरी. ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये सांधे अतिलवचिक असणं बरंच आढळतं. अंगठा मनगटाकडे वाकवला की हाताला टेकतो, कोपर-गुडघे उलटे जातात, असं असेल तर आधी फिजिओथेरपिस्टकडून बेटन गुण (सांधे किती लवचिक आहेत याचं मोजमाप) तपासून घ्या. ९ पैकी ५ किंवा जास्त म्हणजे प्रौढांत अतिलवचिकता धरतात. अशा पावलात कमान पोटरीच्या आधी सैल होते. तिथे ताण कमी, ताकदीचे व्यायाम जास्त.

चर्मवेध

बुटांचं मी सांगतो.

टाच आखडलेली असताना पूर्ण सपाट तळाचे बूट घेणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. ‘टाच खाली येईल’ म्हणून घेतात, आणि टाच बुटातच वर तरंगत राहते, सगळा भार चवड्यावर. उलट करा: दोन्ही बुटांत टाचेखाली ६ ते १० मिलिमीटरची कडक फोमची किंवा कॉर्कची पट्टी घाला. जमीन टाचेपर्यंत वर आणायची. टाचेवर भार आला की चवड्याचे घट्टे आणि पोटरीचे गोळे दोन्हींना आराम मिळतो. घोटा मोकळा होत जाईल तशी काही आठवड्यांनी २-३ मिलिमीटर कमी करत या. एकाच बुटात पट्टी घालू नका, कंबर तिरकी होते.

बाकी: बोटांकडे रुंद, कारण वर्षानुवर्षांच्या भाराने चवडा पसरलेला असतो. टाचेमागचा कप कडक हवा. बोटाने दाबला तर चेपू नये. बूट हातात धरून वाकवला तर तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध नाही. चवडा जळजळत असेल तर तळाला पुढे थोडी गोलाई असलेले बूट बरे.

चवड्याची उशी दुखऱ्या हाडांच्या खाली चिकटवली तर दुखणं वाढतं. ती हाडांच्या टोकांच्या जरा मागे बसली पाहिजे. जुन्या इनसोलवर जिथे काळा दाबाचा डाग पडलेला असतो, त्याच्या मागच्या कडेला उशीचं पुढचं टोक लावा. नवीन इनसोल पहिल्या दिवशी तासभरच. शिवण, लेबल, चिकट कड यांतलं काहीही टोचलं तर तो बूट परत पायात जाणार नाही.

स्पर्शरेषा

रात्री बांधायच्या स्प्लिंटचं कोणी विचारण्याआधी सांगते: कागदावर छान, पण ज्याला पायावर चादरही सहन होत नाही त्याची झोप जाते. संध्याकाळी वाचताना किंवा पडद्यासमोर अर्धा-पाऊण तास बांधून पाहा. तेवढं जमलं तरी पुष्कळ.

मज्जारज्जू

इथे अजून न आलेला भाग: ‘ऑटिझम आहे म्हणूनच’ असं म्हणून इतर कारणं सुटून जाणं. चवड्यावर चालणं लहानपणापासून, दोन्ही पायांत सारखं आणि वाढत नसेल तर काळजी कमी. पुढीलपैकी काही असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे जावं.

मोठेपणी नव्याने सुरू झालं, किंवा एकाच पायात आहे. पाय ताठर होत चाललेत, बुटाचं टोक जमिनीला घासतं. घोटा झटकन वर ढकलला की पाऊल थरथर उडत राहतं. पोटऱ्या बारीक, कमान खूप उंच, बोटं वाकडी आणि घोटा सारखा मुरगळतो. यात शार्को-मारी-टूथसारखा नसांचा आनुवंशिक आजार असू शकतो. सकाळी चाल बरी आणि संध्याकाळी पाऊल वळत जातं. हे डोपा-प्रतिसादी डिस्टोनियाचं (स्नायू आपोआप आवळून अवयव वळवणारा विकार) लक्षण, त्यावर लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्या औषधाच्या छोट्या मात्रेने मोठा फरक पडतो, म्हणून ते चुकवायला नको. लघवी-शौचावरचा ताबा बदलला आणि जोडीला पायात मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हातांच्या प्रश्नालाही एक जोड. हात लहानपणापासून दुमडलेले असतील तर वेगळी गोष्ट. पण पूर्वी झुलणारे हात थांबले, पावलं छोटी झाली, चेहरा ताठ झाला, आणि रिस्पेरिडोन, ॲरिपिप्राझोल किंवा त्या वर्गातलं (अँटिसायकॉटिक) औषध चालू आहे, तर तो औषधाचा परिणाम असू शकतो. स्वतःहून बंद करू नका, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. आणि दारात अडकून उभं राहणं, पाऊल पुढे-मागे करत राहणं, कोणी सांगितल्याशिवाय हालचाल सुरूच न होणं असं नव्याने दिसलं तर कॅटाटोनियाचा (हालचाली गोठल्यासारख्या होण्याची अवस्था) विचार हवा. ऑटिस्टिक किशोर आणि प्रौढांत तो असतो, त्यावर उपचार आहेत, आणि ‘हट्ट’ म्हणून त्याकडे बघितल्याने महिने वाया जातात.

पाऊलवाट

शस्त्रक्रिया आणि प्लास्टर प्रौढांत करतात का?

नडगी

करतात, पण शेवटी. प्लास्टर दर एक-दोन आठवड्यांनी बदलत, घोटा थोडा थोडा वर आणत, साधारण चार ते सहा आठवडे चालतं. प्रौढांत पाय असा जखडून ठेवल्याने रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, तो आधी विचारून घ्या. स्पर्शाचा त्रास असलेल्याला प्लास्टर काढता येत नाही हेच असह्य होऊ शकतं.

शस्त्रक्रियेत फक्त वरचा स्नायू आखडला असेल तर त्याचा पडदा सैल करतात. टाचेची शीर लांबवणं हे त्याहून मोठं पाऊल. शीर जास्त लांबली तर ढकलायची ताकद जाते आणि माणूस गुडघे वाकवून चालायला लागतो, आणि ते परत दुरुस्त करणं फार कठीण. म्हणून ‘कोणता स्नायू, सरळ गुडघ्याने किती अंश, वाकवून किती’ हे मोजून कागदावर लिहिल्याशिवाय कोणत्याही शस्त्रक्रियेला हो म्हणू नका. आणि मुळात टाच टेकू शकत असेल तर लांबवण्यासारखं तिथे काही नाही.