शिवराम पालवणकर 'भरतीचा' नव्हता!

मैदानवेडा: काल सिलीपॉइंटने लिहिलं, "१९११च्या भारतीय क्रिकेट संघाच्या इंग्लंड दौऱ्यात शिवराम गेला तो गोलंदाज बाळू पालवणकरचा भाऊ म्हणून. भरतीचा खेळाडू." वाचून डोकं सणकलं. टाउंटनला सॉमरसेटविरुद्ध आपण एका विकेटने जिंकलो, तेव्हा शिवराम नाबाद ११३! नऊ गडी बाद, परका मुलूख, आणि हा पाय रोवून उभा. कर्णधार पतियाळाचे महाराज बरेचसे सामने खेळलेच नाहीत. त्यांना कुणी भरतीचा म्हणतं का?

सिलीपॉइंट: एका डावावर किती उड्या माराल? त्याच दौऱ्यात बाळूच्या ११४ विकेट. भावाचं नाव नसतं तर शिवरामला कोण ओळखतं?

मैदानवेडा: फलंदाजाला विकेटींच्या तराजूत तोलताय? बरं, १९२० घ्या. मुंबईतल्या धर्मवार संघांच्या स्पर्धेत हिंदू संघाचे कर्णधार पै आजारी पडले, बाळूला वगळलं आणि कप्तानी फलंदाज दि. ब. देवधरांना दिली. शिवराम आणि त्याचा भाऊ विठ्ठल पत्रक काढून संघाबाहेर पडले. जागा मिळाली की गप्प बसणारा माणूस असं करत नाही. कप्तानीवर हक्क पालवणकरांचा होता, देवधरांचा नव्हे.

सदाशिवपेठी: देवधरांना मध्ये ओढायचं कारण नाही! १९२६ला इंग्लंडहून आलेल्या एमसीसी संघाविरुद्ध १४८ काढणारा माणूस. आजोबांचं बोट धरून मी त्यांना पुण्यात पाहिलंय. म्हातारपणीही पाठ ताठ. निवड समितीचं पाप त्यांच्या माथी मारू नका.

मैदानवेडा: १४८ नंतरचे. प्रश्न १९२०चा आहे. त्यांनी कप्तानी नाकारायला हवी होती.

सदाशिवपेठी: शंभर वर्षांनी घरात बसून सांगणं सोपं आहे. त्या काळी समितीपुढे कोण बोलायचं?

रोलरवाला: दोन भाऊ बोलले की! माझे वडील एका जिमखान्यावर खेळपट्टी करायचे. भर उन्हात पाणी मारायचं, रोलर ओढायचा, नेटमध्ये साहेबलोकांना चेंडू टाकायचे. चहा मात्र बाहेर, झाडाखाली. बाळूचं तेच झालं. पुण्यात युरोपियन जिमखान्यावर महिना ४ रुपये पगार, आणि हिंदू संघात आल्यावरही दलित म्हणून चहा पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. त्या घरच्या पोराला वशिला कोण लावणार? घरात चार पैसे असलेला तो हौशी खेळाडू, आणि राबून शिकलेला तो पगारी, ही वाटणी मला अजून टोचते.

सिलीपॉइंट: चहाचं दुःख मान्य, पण त्याने धावा वाढत नाहीत. शेवटी १९२३ला विठ्ठल कर्णधार झालाच ना?

रोलरवाला: झाला, तोवर बाळूचं खेळायचं वय सरलं होतं. थोरल्याला कप्तानी कधीच दिली नाही. हे धावांत कसं मोजणार?

सिलीपॉइंट: बरं बाबा, 'भरतीचा' हा शब्द मागे घेतो. ११३ नाबाद आहेत, नाही म्हणता येत नाही. पण 'थोर' म्हणणार नाही.

सदाशिवपेठी: आणि देवधरांबद्दलचं ते वाक्य?

मैदानवेडा: ते राहील.