मदत हवी आहे: अनावश्यक तपासण्या रोखताना गरजू रुग्ण अडू नये, यासाठी काय करावे?

नमस्कार. मी आरोग्य विम्याच्या पूर्वमंजुरी विभागात काम करते. सुचवलेली तपासणी वैद्यकीयदृष्ट्या गरजेची आहे की नाही, हे कागदपत्रांवरून ठरवणे ही माझी जबाबदारी आहे. परवा एमआरआयसाठी एक अर्ज आला, त्यावर ‘कंबरदुखी, दोन आठवडे’ एवढेच लिहिलेले होते. पायातली ताकद कमी होणे, लघवीवरचा ताबा जाणे, ताप, पूर्वीचा कर्करोग असे धोक्याचे लक्षण नसेल, तर पहिले सहा आठवडे एमआरआय सहसा लागत नाही, हे मला मान्य आहे; परंतु लक्षण खरोखरच नव्हते की लिहायचे राहून गेले, हे त्या कागदावरून कळेना. डॉक्टरांना फोन केला, तेव्हा रुग्णाचे एक पाऊल चालताना लोंबते, हे समजले आणि मंजुरी लगेच दिली. फोन केला नसता तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

रुग्णाला खर्चाचा वाटा उचलायला लावावा, असेही सुचवले जाते. मात्र १९७०च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेल्या, रँड या संशोधन संस्थेच्या आरोग्य विमा प्रयोगात अशा वाट्यामुळे अनावश्यक सेवांबरोबर आवश्यक सेवांचा वापरही घटला होता, म्हणून तो मार्ग मला पटत नाही.

आपल्यापैकी कोणी अर्जातच धोक्याच्या लक्षणांचे रकाने सक्तीचे केले आहेत का? ज्या डॉक्टरांचे अर्ज जवळजवळ नेहमीच मंजूर होतात, त्यांना पूर्वमंजुरीतून सूट दिल्यावर तपासण्यांचे प्रमाण वाढले का? प्रत्यक्ष अनुभव असल्यास कृपया सविस्तर लिहावा.