खाडीच्या मुखातून छोटी होडी सुरक्षितपणे नेण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. केवळ हौसेखातर आम्ही १६ फुटी फायबरची होडी घेतली असून ती दाभोळच्या खाडीत ठेवतो. नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा पाण्यात उतरवण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला हवा आहे.

गेल्या मोसमात याच खाडीच्या, म्हणजे वाशिष्ठी नदीच्या मुखाशी ओहोटीचे पाणी बाहेर ओढत असताना समोरून आलेली लाट उथळ वाळूवर अशी उभी राहिली, की नाळ (होडीचे पुढचे टोक) वर उचलली गेली आणि माझा हात सुकाणूवरून सुटला; इंजिन मात्र चालूच होते. ते बंद पाडणारी लाल दोरी मनगटाला बांधण्याऐवजी मी खुंटीला अडकवून ठेवली होती, ही चूक सर्वस्वी माझी. भरती संपता संपता मुखातून बाहेर पडावे, असे गावातले तांडेल (मच्छीमार बोटींचे प्रमुख) सांगतात. पण उधाणाच्या दिवसांत तेवढ्याने भागते का?

दुसरी अडचण लहान मुलीच्या लाइफ जॅकेटची आहे. खांद्यांना धरून उचलले, की ते तिच्या कानांपर्यंत सरकते. पायांमधून पट्टा घेणारे जॅकेट कोकणात कुठे मिळेल?

मोबाइलची रेंज किनारा सुटताच जाते, त्यामुळे तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक पाठ असूनही उपयोग होईलच असे नाही. संकटकाळी मदत मागण्याच्या सोळाव्या चॅनलसाठी हातातला व्हीएचएफ संच (समुद्रावरील बिनतारी रेडिओ) घ्यायचा झाल्यास परवान्याची प्रक्रिया कोणी पूर्ण केली आहे का? अनुभव कृपया सविस्तर लिहावा.