रिव्हर्सला स्क्रीन काळी पडते, भांडायचं कुणाशी?

चिंचवडकर_काका: गाडी अडीच वर्षांची. गेल्या पावसाळ्यापासून रिव्हर्स टाकला की अधूनमधून स्क्रीन काळी. सोसायटीचा रॅम्प वळणाचा, परवा खांबाला बंपर घासला. एसीही त्याच स्क्रीनमध्ये, म्हणून काचेवर वाफ धरली की फडक्यानं पुसतो (पिवळं फडकं कायम दारात खोचलेलं). सर्व्हिस सेंटरला चार चकरा झाल्या. तिथला मुलगा पॉवरचं बटण दाबून धरतो, लोगो आला की "झालं काका!" जॉबकार्डवर शेरा, "प्रॉब्लेम आढळला नाही." कंपनी म्हणते, सॉफ्टवेअर पुरवठादाराचं आहे, अपडेट येईल. अहो, मी पैसे पुरवठादाराला दिले का?

डबेवाला_कोडर: याच धंद्यात आहे, म्हणून बोलतो. स्क्रीनचा डबा एकाचा, आतली सिस्टीम दुसऱ्याची, नकाशे तिसऱ्याचे. पण मेमरी किती टाकायची आणि गाडी बाजारात कधी आणायची, हे गाडीवालाच ठरवतो. टेस्लाच्या जुन्या मॉडेल एसमध्ये ८ जीबीची फ्लॅश मेमरी (माहिती साठवायची चिप) होती. तिच्यावर सतत लिहून लिहून ती झिजली, स्क्रीन गेली, सोबत मागचा कॅमेराही. २०२१मध्ये अमेरिकेत सुमारे १ लाख ३५ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

सिएटलचा_पाऊस: आमच्याकडे २०२२मध्ये याहून भारी झालं. इथल्या ९४.९ एफएमनं प्रसारणासोबत चित्रांच्या फाइल पाठवल्या, नावापुढे एक्स्टेन्शनच (फाइल कसली ते सांगणारं ".jpg"सारखं शेपूट) नाही. २०१४ ते २०१७च्या माझदा गाड्यांचे रेडिओ त्याच स्टेशनवर अडकले, स्क्रीन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट. डबा बदलायचे सुमारे १५०० डॉलर सांगत होते! चूक स्टेशनची, मान्य. पण हवेतून आलेल्या एका चित्रानं डबा कायमचा बसतो, हे कुणाचं पाप?

तारीख_पे_तारीख: काका, तात्त्विक वाद राहू द्या. ग्राहक संरक्षण कायदा २०१९मध्ये उत्पादक, विक्रेता, सेवा देणारा, तिघांवरही दावा लावता येतो. मुदत मात्र दोन वर्षांची, दोष पहिल्यांदा कधी दिसला ते नोंदवून ठेवा. आणि तो "आढळला नाही"वाला कागद सही करून घेऊ नका.

चिंचवडकर_काका: आज पाचवी चकर. त्या मुलालाच शेजारी बसवलं आणि त्यांच्याच रॅम्पवर रिव्हर्स टाकला. तिसऱ्या खेपेला स्क्रीन काळी! मोबाइलवर व्हिडिओ काढला, जॉबकार्डवर "स्क्रीन बंद पडते" लिहून घेतलं. सही करताना पोरगा हळूच म्हणाला, "काका, या आठवड्यातली ही तिसरी गाडी. वरून सांगतात, रीसेट करा आणि सोडा."