कांदा बंद करून गुडघ्यावर नक्की कोण येतं?

चाळवाला निफाड:
काल इथं एकाने लिहिलं, "बांगलादेशला जाणारा आपला कांदा तोडा, सूत तोडा, पंधरा दिवसांत ढाका गुडघ्यावर येतं." खाली नुसता टाळ्यांचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून लिहितोय, लांब होईल. अहो हे करून झालंय ना! सप्टेंबर 2019 ला निर्यातबंदी, सप्टेंबर 2020 ला परत, 8 डिसेंबर 2023 ला परत. 2020 ला तर एका रात्रीत, ट्रक बॉर्डरवर अडकून माल सडला. 2019 ला शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा भर कार्यक्रमात म्हणाल्या की स्वयंपाक्याला कांदा वापरू नको सांगितलंय, निदान आधी कळवत जा. भारताच्या सगळ्यात जवळच्या नेत्याला आपण ही वागणूक दिली. मग ते गुडघ्यावर आले का? नाही. पाबना, फरीदपूरकडे त्यांनी स्वतःचा कांदा वाढवला, कमी पडला तर तुर्कस्तान, इजिप्त, पाकिस्तान, चीन, मिळेल तिथून आणला. आता त्यांचं पीक निघालं की आयात परवाने रोखून धरतात, आणि आमचा उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत वजन घटवत बसतो. सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं हो ते आमचं.

सह्याद्री 71:
दुःख कळतं, पण देश कांद्यापेक्षा मोठा आहे. माझे मामा 71 ला पूर्वेच्या आघाडीवर होते, पायात शेवटपर्यंत छर्रे होते त्यांच्या. एक कोटी निर्वासित आपण पोसले, 16 डिसेंबरला त्यांचा देश जन्माला घातला, आणि 5 ऑगस्ट 2024 ला हसीना सत्तेवरून गेल्या तेव्हा तेच लोक त्यांच्या राष्ट्रपित्याच्या, मुजीबच्या पुतळ्यावर चढून हातोडे मारतात, नंतर हिंदूंची घरं-देवळं फोडतात. मामी टीव्हीसमोर रडत होती. अशा शेजाऱ्याला काहीच किंमत मोजायला लावायची नाही? एप्रिल 2025 ला त्यांनी आपलं सूत जमिनीच्या रस्त्याने घ्यायचं बंद केलं, मग आपण मे महिन्यात त्यांचे कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरातून आणा म्हटलं. बरोबरच केलं.

चाळवाला निफाड:
दादा, अर्धीच तारीख सांगू नका. 8 एप्रिलला आधी आपण त्यांची ट्रान्सशिपमेंट, म्हणजे आपल्या बंदर-विमानतळावरून त्यांचा माल तिसऱ्या देशात पाठवायची सोय, बंद केली, सूत त्यांनी त्यानंतर आठवडाभरात अडवलं. मामांना माझा नमस्कार, पण मामांच्या छर्ऱ्याचा हिशोब माझ्या चाळीतून का वसूल करता?

सह्याद्री 71:
तोंड सांभाळून बोला.

वरूडचा बागवाला:
कांदा कांदा कांदा. बांगलादेश म्हटलं की नाशिकवाल्याइले दुसरं काही दिसतच नाही. भाऊ, आमच्या नागपुरी संत्र्याचं तेच एक मोठं गिऱ्हाईक होतं. 2019 ला किलोमागं 20 रुपये आयात शुल्क होतं, ते वाढवत वाढवत 2023 ला 88 वर नेलं त्याइनं. संत्रं बागेत मातीमोल आणि सीमेवर सोन्याच्या भावाचं. आंबिया बहारात आमच्याकडं व्यापारी यायचे ना ते यायचेच बंद झाले, माझ्या चुलत्यानं तर अर्धी बाग तोडून टाकली. आणि हे सारं तुमच्या कांदाबंदीमुळं. तुम्ही त्याइचा कांदा तोडला, त्याइनं आमचं संत्रं तोडलं.

पेट्रापोल ट्रान्सपोर्ट:
मी याच लाईनवर गाड्या लावतो म्हणून सांगतो, सूडबीड नाही. 2022 मध्ये त्यांच्याकडे डॉलर आटला, तेव्हा परदेशी फळं चैनीत धरून सगळ्यांवर कर वाढवला. सफरचंदावर, द्राक्षावर, सगळ्यावर. संत्रं एकटं नव्हतं.

वरूडचा बागवाला:
डॉलर 2022 ला आटला म्हणता, मग 2020 ला न् 2021 ला काहून वाढलं शुल्क? सांगा न.

पेट्रापोल ट्रान्सपोर्ट:
हं. तेवढं उत्तर माझ्याकडे नाही. पण कांद्याचा सूड हे तुमच्याकडे तरी कागदावर कुठंय?

चाळवाला निफाड:
आणि बंदी आम्ही घातली का? शहरात भाव चढला की दिल्ली घालते. रस्त्यावर आम्हीच बसतो.

वरूडचा बागवाला:
बसता न, आणि तुमचं ऐकल्या जाते! 4 मे 2024 ला ऐन निवडणुकीत बंदी उठली.

चाळवाला निफाड:
टनाला 550 डॉलर किमान निर्यात दर आणि 40 टक्के निर्यात शुल्क लावून उठली भाऊ. शुल्क पूर्ण जायला 1 एप्रिल 2025 उजाडलं, तोवर गिऱ्हाईक पांगलं.

सॉल्टलेकची वहिनी:
लग्न होऊन कोलकात्यात आले, पंचवीसेक वर्षं होतील. तुमची संत्री-कांद्याची भांडणं वाचून चीड येते, कारण इथे आम्हाला माणसं दिसतात. मार्क्विस स्ट्रीटवरची हॉटेलं बांगलादेशी पेशंटवर चालायची, व्हिसा आटले तशी ओस पडली. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस जुलै 2024 ला बंद पडली. आणि सह्याद्री, उपकार केले म्हणता तर दुसरी बाजूही ऐका. 1975 ला गंगेवरचं फराक्का धरण सुरू केलं, उन्हाळ्यात खाली पाणी आटतं ही त्यांची तक्रार तेव्हापासूनची. तीस्ता नदीच्या पाणीवाटपाचा करार 2011 ला सही व्हायच्या तोंडावर आमच्याच राज्याने अडवला. गंगेच्या पाण्याचा 1996 चा करार तीस वर्षांचा, डिसेंबर 2026 ला संपतोय. माझ्या शेजारच्या काकींचं माहेर खुलन्याचं, भावाला भेटायला जायचं तर कुठे उभं राहायचं त्यांनी?

सह्याद्री 71:
वहिनी, 2015 ला सीमेपलीकडे अडकलेल्या आपल्या 111 वस्त्या त्यांना दिल्या, आपल्याकडे अडकलेल्या त्यांच्या 51 घेतल्या, जमीन जास्त गेली आपलीच. तेही मोजा. काकींना व्हिसा मिळावा, त्याला माझा विरोध नाही. बाकी ढाका सुधारल्याशिवाय ढील नको.

चाळवाला निफाड:
मग एवढं तरी म्हणा, की बंदी घालायचीच असेल तर त्या दिवशीच्या बाजारभावाने सरकारने आमचा कांदा उचलावा.

सह्याद्री 71:
म्हणतो. भरपाई द्या. पण बंदीचा अधिकार राहिला पाहिजे.

वरूडचा बागवाला:
भरपाई कांद्याले, अन् संत्र्याले? 2023 ला राज्यानं शुल्काचा निम्मा भार उचलतो म्हटलं, पण निर्यातीचं अनुदान निर्यातदाराच्या हाती जाते, बागेत पोचत नाही. गंगेच्या करारासाठी दिल्ली अन् ढाका समोरासमोर बसन तं त्याच टेबलावर संत्र्याचं शुल्क ठेवा. पाणी त्याइले पाहिजे, बाजार आमाले पाहिजे.

सॉल्टलेकची वहिनी:
पाण्याला संत्र्याची अट? नाही पटलं. नदी खाली राहणाऱ्यांचीही आहे.

वरूडचा बागवाला:
नका पटू देऊ. आमची बाग तुटली, तुमची नाई.