इंग्रज गेले ते शिपायावरचा भरवसा उडाला म्हणून?

कुलाबा_किनारी
मत सरळ मांडतो. फेब्रुवारी १९४६ नंतर हा देश बंदुकीच्या जोरावर ताब्यात ठेवणं इंग्रजांना शक्य नव्हतं, आणि हे त्यांना स्वतःलाही कळून चुकलं होतं.

ज्यांना नाविकांच्या उठावाचं प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १८ फेब्रुवारीला कुलाब्यातल्या 'तलवार' या नौदल केंद्रात खलाशांनी जेवण नाकारलं, कामही नाकारलं. निकृष्ट अन्न, गोऱ्यांपेक्षा कमी पगार, वर कमांडर किंगच्या शिव्या. त्याआधी 'जय हिंद', 'चले जाव' अशा घोषणा भिंतींवर रंगवल्याबद्दल बलाई चंद दत्त या खलाशाला अटक झाली होती. 'तलवार' हे संदेशवहनाचं प्रशिक्षण केंद्र, म्हणजे बिनतारी यंत्रं याच पोरांच्या हातात. बातमी कराची, कलकत्ता, मद्रासला पोचायला वेळ लागला नाही. सुमारे ७८ जहाजं, २० किनारी तळ आणि २० हजार खलाशी संपात उतरले. काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट, तिघांचे झेंडे एकत्र फडकले. मागण्यांत जेवणाखाणाच्या जोडीला आझाद हिंद फौजेच्या कैद्यांची सुटका होती, आणि इंडोनेशियात लढायला पाठवलेल्या हिंदी पलटणी परत आणा हेही होतं.

ही शेवटची मागणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पगारासाठी भांडणारा शिपाई सरकारला परवडतो, त्याचा पगार वाढवता येतो. पण 'आम्हाला कुणावर गोळ्या झाडायला पाठवता?' असं तो विचारू लागला की सरकारकडे उत्तर उरत नाही.

न_पटलेला
भावना समजते, पण तारखा जुळत नाहीत. कॅबिनेट मिशन, म्हणजे सत्तांतराची बोलणी करायला ब्रिटिश मंत्र्यांचं शिष्टमंडळ, पाठवण्याची घोषणा लंडनमध्ये झाली १९ फेब्रुवारीला. असा निर्णय एका रात्रीत होत नाही. त्याची खलबतं आधीपासून चालू होती. जुलै १९४५ मध्ये मजूर पक्ष निवडून आला होता, ब्रिटन कर्जात बुडालेलं होतं, आणि ज्यांचं देणं होतं त्यांत खुद्द भारत होता. या सगळ्यात पाच दिवसांचा संप कुठे बसतो?

दुसरं, शिपायाने गोळी नाकारली की राज्य कोसळतं हेच मला मान्य नाही. २३ एप्रिल १९३० ला पेशावरमध्ये लष्करातल्या चंद्रसिंग गढवाली आणि त्यांच्या साथीदारांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी चालवायला नकार दिला. राज्य कोसळलं का? त्यांना जबर शिक्षा झाल्या आणि इंग्रज आणखी सतरा वर्षं राहिले. त्याच वर्षी मे महिन्यात सोलापूरकरांनी काही दिवस शहर आपल्या हातात घेतलं होतं. मार्शल लॉ लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. तेव्हा लष्कर हुकमात होतं.

कुलाबा_किनारी
@न_पटलेला, तुमची पेशावर-सोलापूरची उदाहरणं माझ्याच बाजूची आहेत. १९३० साली एक तुकडी बिथरली तर दुसरी आणता येत होती. १९४६ साली दुसरी कुठून आणणार? युद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांवर गेलं होतं. हिंदी अधिकारी युद्धाआधी काही शे होते, ते युद्धाअखेर हजारोंच्या घरात गेले. गोरे सैनिक म्हणाल, तर जानेवारी १९४६ मध्ये कराचीच्या ड्रिघ रोड तळावर ब्रिटिश हवाई दलाच्या गोऱ्या जवानांनीच 'आम्हाला घरी सोडा' म्हणून संप केला आणि तो इतर तळांवर पसरला. फेब्रुवारी संपता संपता जबलपूरच्या सिग्नल केंद्रातले हिंदी जवान बाहेर पडले.

आणि हे मी म्हणतो म्हणून नका मानू. लाल किल्ल्यातल्या खटल्यात आझाद हिंद फौजेचे अधिकारी शाहनवाज खान, सहगल आणि धिल्लन यांना झालेली जन्मठेप सरसेनापती ऑकिनलेक यांनी जानेवारी १९४६ मध्येच रद्द केली. कारण त्यांनी आपल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना लेखी कळवलं: शिक्षा अमलात आणली असती तर देशात अंदाधुंदी आणि बहुधा सैन्यात बंड झालं असतं. हे नाविक उठावाच्या आधीचं आहे. म्हणजे तुमच्या तारखांच्याही आधी भरवसा उडालेला होता. पुढे १५ मार्चला ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी पार्लमेंटात सांगितलं की राष्ट्रीयत्वाची भावना युद्धात मर्दुमकी गाजवलेल्या सैनिकांपर्यंतही पोचली असावी.

लालबागची_लेक
तुम्ही दोघंही खलाशी आणि लंडन यांच्यात अडकला आहात. मधे मुंबई आहे, तिचं काय?

२१ तारखेला कॅसल बॅरॅक्समध्ये, म्हणजे आजच्या 'आंग्रे' तळावर, गोळीबार झाला. २२ ला कम्युनिस्ट पक्षाने हरताळ पुकारला. काँग्रेस आणि लीगच्या वरिष्ठांचा विरोध होता, तरी गिरण्या बंद पडल्या. परळ, लालबाग, डिलाइल रोड सगळीकडे लोक रस्त्यावर उतरले. मग गोऱ्या पलटणी चिलखती गाड्या घेऊन गिरणगावात शिरल्या. परळला कमल दोंदे गोळी लागून गेल्या. सरकारी आकडाच २२८ नागरिक ठार आणि हजारावर जखमी असा आहे. खलाशी मेले त्यापेक्षा कितीतरी जास्त माणसं चाळीतली मेली.

म्हणून 'शिपाई फिरला आणि राज्य गेलं' हे ऐकलं की मला राग येतो. शिपाई एकटा फिरत नाही. आपल्यामागे शहर उभं राहील असं दिसलं तरच तो फिरतो. आणि त्याची किंमत शहराने मोजली. कुलाब्यात नाविकांचं स्मारक आहे, ते असायलाच हवं. पण त्या २२८ जणांची नावं गिरणगावातल्या किती जणांना सांगता येतील?

साताऱ्याचा_शिलेदार
मी स्वतः फौजेत होतो, आमच्या घरात तीन पिढ्यांची नोकरी आहे. त्यामुळे इथे जे कुणाला आवडणार नाही ते बोलतो. सरदार पटेल बरोबर होते.

त्यांनी खलाशांना शरण यायला लावलं म्हणून त्यांना आजही बोल लावला जातो. त्यांनी मार्च १९४६ च्या पत्रात कारण दिलंय: सैन्याच्या शिस्तीशी खेळ करता येणार नाही, स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार आहे. पुढे काय झालं ते बघा. ऑगस्ट १९४७ मध्ये पंजाबात शांतता राखायला मेजर जनरल रीस यांच्या हाताखाली सीमा दल उभं केलं. माणसं कत्तलीत मरत होती आणि दलातल्या जवानांचं मन आपापल्या जमातीकडे ओढत होतं. महिन्याभरात दल मोडावं लागलं. शिपायावर भरवसा नसणं म्हणजे काय ते पंजाबच्या गावांनी भोगलं. परक्या राज्याविरुद्ध शिपाई हुकूम मोडतो तेव्हा आपल्याला छान वाटतं, पण तीच सवय आपल्या राज्यात आली तर आधी गरीब मरतो.

आणि कॅसल बॅरॅक्सबाहेर मराठा पलटण होती, तिने खलाशांवर नेम धरायला टाळाटाळ केली असं आठवणींतून सांगतात. टाळाटाळ केली असेलही. पण पलटणीने बंड केलं नाही, हेही सांगा.

न_पटलेला
शिलेदारसाहेबांशी सहमत, आणि एक भर. गांधीजींनीही हिंसेसाठी झालेली हिंदू-मुस्लिम एकजूट नाकारली होती. समाजवादी नेत्या अरुणा असफ अली म्हणाल्या की घटनेच्या वाटेपेक्षा मोर्चाबंदीवर ही एकजूट होणं बरं. पण सहाच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, कलकत्त्यातल्या हिंदू-मुस्लिम दंगलीत काय झालं? जहाजावरचे तीन झेंडे तेव्हा कुणाला वाचवू शकले नाहीत.

लालबागची_लेक
ते झेंडे खाली कुणी उतरवायला लावले, हेही विचारा की. एकजूट टिकली नाही हा दोष ती करणाऱ्या पोरांचा नव्हता.

कुलाबा_किनारी
@साताऱ्याचा_शिलेदार, तुमच्या अनुभवाचा आदर ठेवून बोलतो. पंजाबात सीमा दल फसलं ते १९४६ च्या खलाशांनी बेशिस्तीची वाट दाखवली म्हणून नव्हे. त्या दलाला हुकूम नेमका कुणाचा, हेच जवानाला कळत नव्हतं. एक राज्य गेलेलं, दोन नवी आलेली, आणि सेनापती जुना. ज्या सरकारला लोक आपलं मानतात त्याचं सैन्य शिस्तीत राहतं. आपल्याच सैन्याकडे बघा: पुढच्या पंचाहत्तर वर्षांत शेजारी देशांसारखी सत्ता त्याने कधी हातात घेतली नाही. ही शिस्त धाकाने आलेली नाही. मत देऊन सरकार बदलता येतं हे जवानाच्या घरच्यांनाही ठाऊक आहे.

साताऱ्याचा_शिलेदार
यातलं अर्धं मान्य. सरकार आपलं वाटलं पाहिजे, हे खरं. पण गोळीबाराचा हुकूम येतो त्या क्षणी जवान मतपेटीचा विचार करत नाही. तो शेजारच्या जवानाकडे आणि आपल्या सुभेदाराकडे बघतो. ते प्रशिक्षणाने घडवावं लागतं, आपोआप येत नाही.

मात्र एका बाबतीत मी पटेलांच्या बाजूने बोलू शकत नाही. शरण येताना खलाशांना शब्द दिला होता की कुणावर सूड उगवला जाणार नाही. शेकडो जणांना पकडलं, काढून टाकलं. स्वातंत्र्यानंतर भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतलं नाही, पाकिस्तानच्याही नाही. शिस्तीसाठी परत घेऊ नका, हे एक वेळ समजू शकतो. पण शब्द देऊन मोडायला नको होता.